पाय ठेवायची पट्टी

ईझल उभा असताना मोडत नाही, हलवताना मोडतो. कॅटलॉगातल्या फोटोवरून हे कधीच कळत नाही. तिथे पांढऱ्या भिंतींची प्रशस्त खोली असते, मोठ्या खिडकीतून उजेड आलेला असतो, मधोमध एकच ईझल आणि त्यावर एकच कॅनव्हास. माणूस नाही, दप्तर नाही, डोक्यावर पंखा नाही. आमच्याकडच्या चित्रकलेच्या वर्गात तास संपला की एकेक ईझल एका पायाला धरून फरफटत कोपऱ्यात जातो. दोघांनी दोन बाजूंना धरून नेणारी मुलं सज्जन म्हणायची. बाकीचे वरच्या पकडीला धरून उचलतात, आणि ती पकड कॅनव्हास धरायला केलेली असते, ईझल उचलायला नव्हे. गॅदरिंगच्या आठवड्यात याच ईझलचे नोटीस बोर्ड होतात, बॅनरचे खांब होतात, धुतलेले पडदे वाळत घालायची सोय होते. जूनमध्ये वर्ग उघडावा तर निम्म्यांचे मागचे पाय बिजागरीतून निखळलेले.

मी आणि आमचे मिस्त्री कोल्हापुरात वर्गांसाठी, कधी एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओसाठी, ईझल बनवतो. म्हणजे आराखडा माझा, रंधा त्यांचा आणि भांडण दोघांचं. स्टुडिओचं काम त्या मानाने सोपं. वापरणारा एक, त्याची उंची ठरलेली, त्याच्या खोड्या ठाऊक, आणि आपल्या ईझलवर त्याचा जीव असतो. वर्गातला ईझल कुणाचाच नसतो. तो रोज वेगळ्या हातात जातो आणि त्यातले निम्मे हात घाईत असतात. म्हणून वर्गाचा ईझल चित्र काढणाऱ्यासाठी जितका करायचा, त्याहून जास्त तो ओढणाऱ्या, रचणाऱ्या, झाडू मारताना बाजूला सारणाऱ्या माणसासाठी करायचा, असं माझं मत झालं आहे. मिस्त्रींचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते तो बसणाऱ्यांसाठी करायचा असतो, कारण पोरं कशावरही बसतात.

निखळणाऱ्या बिजागरीचं कारण साधं आहे. मागच्या पायाच्या माथ्यावर, लाकडाच्या कापलेल्या तोंडात, स्क्रू मारलेले असतात. लाकडाचे तंतू उभे धावतात. त्यांना आडवा स्क्रू मारला तर तो तंतूंमध्ये अडकून राहतो, पण त्यांच्या टोकातून आत मारला तर धरायला फारसं काही नसतं. दोन-चार वेळा पाय फाकला की भोक मोठं होतं. मग कुणीतरी भोकात काडेपेटीची काडी कोंबून तोच स्क्रू पुन्हा पिळतो. आम्ही तिथे बिजागरी लावतच नाही. पायातून आरपार बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर आणि आपोआप सैल न होणारा नायलॉक नट. पाय त्या बोल्टवर फिरतो. दिसायला हे शेतीच्या अवजारासारखं दिसतं, आणि त्याबद्दल आम्हाला दोघांनाही काही वाटत नाही.

विंग नटचा प्रश्न मात्र तत्त्वाचा आहे. बाजारातल्या बहुतेक ईझलवर कॅनव्हासची फळी वर-खाली करायला लांब खाच असते आणि फळी जागेवर आवळायला विंग नट. पहिल्या वर्षी ही व्यवस्था झकास चालते. नंतर नट हरवायला लागतात. ते जातात कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही; रस्त्यात सापडल्याचंही कधी ऐकलं नाही. राहिलेले नट मुलं आवळतात, पण बारीक हातांनी आवळलेला नट जड कॅनव्हासला पुरत नाही. चित्र रंगात येतं आणि फळी कणाकणाने खाली सरकू लागते. मुलाला वाटतं आपलंच प्रमाण चुकलं. आम्ही खाच काढून टाकली आणि मधल्या दांड्याला दोन-दोन इंचांवर भोकं पाडली. लाकडाची खुंटी भोकात घालायची, फळी तिच्यावर टेकवायची. खुंटी सरकत नाही, तिला आवळावं लागत नाही आणि ती सुतळीने दांड्याला बांधलेली असल्यामुळे हरवत नाही. सुतळी मिस्त्रींना अजिबात पसंत नव्हती. ‘सर, एवढं सागवान लावायचं आन् वर सुतळी?’ शेवटी सुतळीच्या जागी जाड सुती दोरी आली आणि तिच्या गाठी मिस्त्री स्वतः मारतात, दुसऱ्याला मारू देत नाहीत.

भोकांमुळे उंची दोन-दोन इंचांच्या टप्प्यांनीच बदलते, दीड इंच हवी असली तरी मिळत नाही, अशी एका चित्रकाराने तक्रार केली होती. स्टुडिओत ती खरी आहे. वर्गात अर्ध्या इंचापेक्षा खात्री मोठी.

आता पडण्याबद्दल. ‘भक्कम’ म्हणजे जाड लाकूड असं गिऱ्हाईक धरून चालतं, पण ईझल मोडण्याच्या कितीतरी आधी पडतो, आणि पडण्याचा हिशोब जाडीचा नसून पायांच्या फाकेचा असतो. इंग्रजी ए अक्षरासारखा वर्गातला साधा ईझल घ्या. पुढे दोन पाय, मागे एक. त्याला सुमारे अर्धा घनफूट सागवान लागतं, म्हणजे नऊएक किलो. वर हलका कॅनव्हास धरला तर सगळं मिळून 10 किलो. या वजनाचा भार मागच्या पायाच्या टेकूपासून सव्वा फूट पुढे पडतो असं समजू. कॅनव्हासवर 5 फूट उंचीवर कुणी समोरून ढकललं, तर तो उलथायला किती जोर पुरेल? 10 गुणिले सव्वा, भागिले 5. अडीच किलो. ब्रशने एवढा जोर कुणी लावत नाही. पण कोळसा घासताना लागतो, नाईफने रंग दाबताना लागतो, आणि मागून जाणाऱ्या मुलाचा कोपर त्याहून जास्त लावतो. मागचा पाय आणखी अर्धा फूट मागे नेला की हाच आकडा साडेतीन किलोवर जातो, लाकूड तेवढंच राहून. पण मग एका ओळीतले दोन ईझल कमी होतात आणि प्राचार्य हिशोब मागतात. आम्ही मागच्या पायाला साखळी लावतो ती याचसाठी: पाय ठरल्यापेक्षा कमी उघडता येतो, पण जास्त फाकून घसरत नाही.

परदेशी आराखड्यांत न सापडणारी गोष्ट म्हणजे छताचा पंखा. 3 बाय 4 फुटांचा कॅनव्हास म्हणजे 12 चौरस फुटांचं शीड. एप्रिलमध्ये पंखा पाचवर असतो, कोपऱ्यातला कॅनव्हास थरथरत राहतो, आणि रेघ ओढणाऱ्याला वाटतं आपला हात कापतो आहे. उघड्यावर चित्रं काढणाऱ्यांनी याहून वाईट वारा सोसला. आर्लमध्ये असताना व्हॅन गॉग ईझलचे पाय जमिनीत रोवून प्रत्येकाशेजारी अर्ध्या मीटरची लोखंडी मेख ठोकायचा आणि सगळं दोरीने जखडून टाकायचा. तिथल्या मिस्ट्राल वाऱ्यात काम करायचा हा उपाय त्याने 1888 मध्ये पत्रात लिहून कळवला आहे. त्या पत्रांतून लोक बहुधा त्याच्या मनाचा शोध घेतात. मी त्या मेखेची लांबी टिपून ठेवली.

तीन पाय की चार, यावर आमच्यात फार काथ्याकूट होतो. तीन पायांचं काहीही कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोकांना टेकायला कायम एक पातळी सापडते. चार पायांना सपाट जमीन लागते. नव्या इमारतीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर चार पायांचा, इंग्रजी एच अक्षराच्या चौकटीचा ईझल उत्तम. तो आडवा कलंडत नाही. जुन्या शाळांमधून शहाबादी फरशी असते, तिचा एक कोपरा वर, दुसरा खाली. तिथे चार पायांच्या ईझलखाली वहीचा पुठ्ठा दुमडून घालावा लागतो आणि तो पुठ्ठा रोज नव्याने शोधावा लागतो. म्हणून मागणी आली की मी आधी फरशी विचारतो. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो.

आपल्याकडे ईझलची गरजच पडली नव्हती, हेही आहे. मुघल आणि पहाडी दरबारांतले चित्रकार जमिनीवर बसून, पाटी गुडघ्यावर टेकवून काम करत. पिंगुळीचे चित्रकथी कागद मांडीशी धरत, वारली चित्रं थेट भिंतीवर. इतकी बारीक रेघ ओढायची तर कागद जवळ हवा आणि मनगट टेकलेलं हवं. उभं राहण्यात काही लाभ नव्हता. 1790 च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव नि नाना फडणवीसांना तैलरंगात रंगवलं. त्याने काही ना काही घडवंची उभी केलीच असणार. ती पुण्यातल्या एखाद्या सुताराने करून दिली की त्याने बरोबर आणली होती, असा प्रश्न मला पडतो, आणि या विषयावर बोलू लागलो की घरातली माणसं उठून जातात.

पुढे 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि उभ्याने चित्र काढणं हा आपल्याकडे शिक्षणाचा भाग झाला. उभं राहण्याने नेमकं काय बदलतं, ते डेस्कवर चित्र काढणाऱ्या मुलांकडे पाहिलं की कळतं. शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, मुलं कागद आडवा ठेवून वाकून बसतात. कागदाची वरची कड डोळ्यांपासून लांब आणि खालची जवळ, त्यामुळे समोरचा घडा काढताना त्याचा वरचा भाग मुलाला आखूड दिसतो. ते नकळत तो ताणतं. कागद उभा केला की घडा सरळ होतो. ईझलवर कागद आणि समोरची वस्तू एकाच नजरेत शेजारी-शेजारी येतात, रेघ मनगटाऐवजी खांद्यातून निघते, आणि मुख्य म्हणजे चार पावलं मागे जाऊन आपण काय केलं ते बघता येतं. मागे जायला जागा नसलेल्या वर्गात ईझल देऊन उपयोग नाही, हे मी दोन-तीन ठिकाणी सांगून मागणी गमावली आहे.

मागे जायला जागा नसेल तिथे डाँकी बरी. कलाशाळेत शिकलेल्यांना ती ठाऊक असते: लांबट ठेंगणा बाक, त्याच्या एका टोकाला उभी चौकट. बाकाच्या दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि ड्रॉइंग बोर्ड चौकटीला टेकवायचा. आराखड्याची अक्कल बघायची असेल तर ती इथे आहे. ईझलला स्थिर ठेवायला वजन लागतं, आणि डाँकीला ते वजन चित्र काढणाराच देतो. पन्नास किलोचा विद्यार्थी बसला की ती हलेल कशाला? मॉडेलभोवती पहिल्या रांगेत डाँकीवाले, मागे स्टूलवाले, त्याच्या मागे उभे ईझलवाले, अशी बैठक केली की कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. डाँकी दुरुस्तीला क्वचितच येते. आलीच तर बाकाचा पाय हललेला असतो, आणि तो खाचेत कूस बसवून वर पाचर मारली की पुन्हा वर्षानुवर्षं बघायला नको.

कोल्हापुरात बसून हे काम करताना बाबूराव पेंटरांची आठवण निघते. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवणारा, व्यक्तिचित्रं करणारा हा माणूस 1918 मध्ये सहकाऱ्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेराच घरी घडवतो आणि दोन वर्षांनी त्यावर ‘सैरंध्री’ काढतो. रंगवणारा हात आणि हत्यार बनवणारा हात एकच असण्याची ती रीत होती. हल्ली चित्रकार ईझल विकत घेतो आणि सुतार चित्रांच्या वाटेला जात नाही. आमच्या मिस्त्रींनी इतके ईझल केले, पण वर्गात मुलं त्यावर काम करताना त्यांनी बघितलं नव्हतं. मी त्यांना एकदा घेऊन गेलो. चित्रांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. सगळा वेळ त्यांची नजर खाली होती.

‘पट्टीवर पाय ठेवत्यात,’ ते बाहेर आल्यावर म्हणाले.

पुढच्या दोन पायांना जोडणारी जी खालची आडवी पट्टी असते, तिच्यावर मुलं एक पाय ठेवून उभी होती. जवळजवळ सगळी. बराच वेळ उभं राहिलं की माणूस आपोआप एक पाय उचलून कशावर तरी ठेवतो. पाठीला बरं वाटतं. आमची पट्टी या कामाची नव्हती, नुसती चौकट पक्की ठेवायला लावलेली एक इंची पट्टी. मला तेव्हा रेम्ब्राँ आठवला. बोस्टनच्या संग्रहालयात त्याचं तरुणपणीचं, 1628 च्या सुमाराचं एक छोटं चित्र आहे, उंची जेमतेम 25 सेंटीमीटर. भिंतींचे पोपडे निघालेली खोली, मागे भिंतीपाशी बाहुल्याएवढा चित्रकार, आणि पुढे अंगावर येणारा प्रचंड ईझल, आपल्याकडे पाठ करून. फलकावर काय काढलं आहे ते दिसत नाही, फक्त त्याच्या कडेवर उजेडाची एक रेघ. लोक त्या रेघेबद्दल लिहितात. पण त्या ईझलच्या खालच्या आडव्या दांड्याकडे बघा: तिथे लाकूड दोन जागी झिजलेलं आहे, बसून काम करताना जिथे पाय टेकतात बरोबर तिथे. म्हणजे झीज रंगवण्याइतकं लक्ष त्या पोराचं आपल्या ईझलकडे होतं. मी मिस्त्रींना मोबाइलवर ते चित्र मोठं करून दाखवलं. ते म्हणाले, ‘ओकच असणार. सागवान असं घासत नाही.’

तेव्हापासून आमची ती पट्टी दोन इंची आहे, जमिनीपासून सात इंचांवर, वरची कड गोल मारलेली. ती स्क्रूने न लावता दोन्ही पायांत कूस घालून, फेव्हिकॉल आणि लाकडी खिळ्याने बसवतो. मिस्त्री प्रत्येक नवा ईझल भिंतीला टेकवून त्या पट्टीवर दोन्ही पायांनी उभे राहतात आणि एकदा दणका देतात. तेच आमचं प्रमाणपत्र.

रेम्ब्राँच्या पाठोपाठ मला एक जुनी ग्रीक गोष्ट आवडायला लागली. रोमन लेखक प्लिनीने ती लिहून ठेवली आहे. अपेलीस हा चित्रकार प्रोटोजिनीस या दुसऱ्या चित्रकाराला भेटायला ऱ्होड्सला गेला. प्रोटोजिनीस घरी नव्हता. ईझलवर चढवलेला एक मोठा फलक आणि त्याची राखण करणारी म्हातारी, एवढंच. अपेलीसने नावाऐवजी फलकावर एक अतिशय बारीक रेघ ओढून ठेवली. प्रोटोजिनीसने परत येऊन तिच्यावरच दुसऱ्या रंगाने आणखी बारीक ओढली. अपेलीसने तिसऱ्या रंगाने त्याही दोहोंना चिरलं, मग पुढे जागाच उरली नाही. दोघांच्या हातांचं कौतुक दोन हजार वर्षं चाललं आहे. माझा हिशोब असा की तो फलक केसभर जरी हलला असता, तरी दुसरी रेघ जमली नसती.

लाकडाबद्दल थोडक्यात. सागवान महाग आहे, पण त्याच्या अंगात तेल असतं, ते वाळवी आणि पाणी दोन्हीला दाद देत नाही आणि पावसाळ्यात कमी फुगतं. वखारीत बल्लारशाचं म्हणून जे मिळतं ते दर वेळी बल्लारशाचंच असतं असं नाही. मिस्त्री ढलपा काढून वास घेतात. बाभूळ मजबूत पण जड आणि वाकडी होणारी. आंब्याला कीड लागते. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन हलकं आणि स्वस्त, टेबलावरच्या छोट्या ईझलला चालतं. लोखंडी चौकोनी पाइपचे ईझल मजबूत असतात यात शंका नाही, पण तीस जणांनी एकदम हलवले की जो आवाज होतो तो मला सहन होत नाही. ही काही तांत्रिक हरकत नव्हे.

आणि कुठलंही लाकूड घ्या, ते आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. मधला सरकता दांडा मे महिन्यात घट्ट बसवला की जुलैमध्ये हलत नाही, आणि जुलैमध्ये नीट बसवलेला मेमध्ये खुळखुळतो. गणपतीनंतर, हवा मधली असताना, सांधे बसवावेत. नाहीच जमलं तर दांड्याच्या कडांना मेणबत्ती घासायची. वर पॉलिशऐवजी आम्ही जवसाचं तेल चोळतो. तैलरंगवाल्यांच्या सामानात ते असतंच, त्यामुळे वर्षातून एकदा मुलंच हात फिरवू शकतात. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेटतात.

दुरुस्ती आमच्याकडेच यावी असा आग्रह धरणं धंद्याला बरं, पण सावंतवाडीहून एका ईझलचा मोडका पाय कोल्हापुरात पाठवणं कुणाला परवडणार? म्हणून फळीच्या मागे सगळ्या मापांचा कागद लॅमिनेट करून चिकटवतो आणि चार खुंट्या जास्तीच्या देतो. गावातल्या सुताराला तो कागद पुरतो. नको इतका पुरतो, असं मिस्त्रींचं म्हणणं. मध्यंतरी एका शाळेने आमचे ईझल घेतले आणि पुढच्या वर्षी मागणी आली नाही. आम्ही चौकशीला गेलो, तर वर्गात आमच्या ईझलच्या शेजारी तेवढेच नवे, बाभळीचे, माप न् माप आमचं. तिथल्या सुताराने कागद वाचून केलेले. मिस्त्री लालबुंद झाले. मग वाकून एकाच्या पायाशी हात फिरवू लागले.

त्या सुताराने पाय ठेवायच्या पट्टीच्या मधोमध, मागच्या अंगाला, एक लोखंडी हूक ठोकला होता. मुलं दप्तरं त्याला अडकवत होती, बंद आखूड करून, जमिनीपासून दोन बोटं वर. दप्तरांचा फरशीवरचा ढीग नाहीसा झाला होता, त्यामुळे अडखळून ईझल पडत नव्हते. आणि दप्तर चार किलोचं धरलं तर मागच्या पायापासून दोन फूट पुढे तेवढं वजन खाली लटकत होतं. मी तिथेच हिशोब केला: अडीच किलोला उलथणारा ईझल आता चार किलोंच्याही वर गेला होता, एका हुकाच्या किमतीत. मुलाचं सामान जितकं जास्त तितका त्याचा ईझल स्थिर.

परतीच्या वाटेवर मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. कागल आल्यावर म्हणाले की हूक चांगला आहे, पण त्या गड्याने तो खिळ्याने ठोकलाय, पट्टी चिरणार. आपण आरपार बोल्टचा लावू. मग त्यांनी शाळेचा फोन नंबर माझ्याकडून मागून घेतला, त्या सुताराला तसं कळवायचं म्हणून.